फणसाची काठवट

आमच्या परड्यातला फणस वळवाच्या वाऱ्यानं मुळासकट आडवा झाला. बायकोनं लावलेला होता. ती गेल्या साली गेली. झाड उभं होतं तोवर मी त्याच्याकडं ढुंकून बघायचो नाही, पडल्यावर मात्र जीव खालीवर व्हायला लागला.

मी कातारी. पडलेल्या झाडांचं लाकूड चरकावर फिरवून वाट्या, काठवटी कातायच्या, हेच काम जन्मभर केलं. फणसाचं ओलं लाकूड उन्हात पडून राहिलं की फाटतं. त्याआधी आतून कोरून ठेवलं पाहिजे. या झाडाची एक तरी काठवट झाली पाहिजे, भाकरीचं पीठ मळायला होईल अशी मोठी, एवढंच डोक्यात बसलं. नाहीतर त्याचं जळण होणार.

अडचण होती दोरीची. मोटर आहे, पण ती बारक्या वाट्यांना. काठवटीचा ओला, वेडावाकडा ओंडका मोटरीवर लावला की सगळा सांगाडा उड्या मारतो. त्याला दोरीच पाहिजे. लाकडाला दोरीचे वेढे द्यायचे आणि एकानं समोर बसून दोन्ही टोकं आलटून पालटून ओढायची. लाकूड एकदा पुढं फिरतं, एकदा मागं. पुढं फिरताना हत्यार लावायचं, मागं फिरताना उचलायचं. चुकलं की हत्यार लाकडात घुसतं. आमची दोरी बायको ओढायची, लग्न झाल्यापासून. तिच्या दमावर माझा हात चालायचा, वर बघावं लागायचं नाही.

शेजारच्या गड्याला बसवून बघितलं. विहिरीचं पाणी शेंदल्यागत ओढायला लागला. उठवला त्याला.

मग रामनगरहून लेक आली. पदर खोचून आईच्या जागेवर बसली. बरं वाटलं असं लिहायला पाहिजे, पण मला राग आला.

पहिल्याच ओढीला हत्यार घुसलं, कडेची कपची उडाली.

"हळू ओढ की! कुठं पळतीस?"

"हळूच ओढतीय, आप्पा. तुमीच हत्यार उचलीना झालाय."

"तुझी आई अशी ओढत न्हवती."

"व्हय, न्हवती. मी आई न्हाई. खाली मुंडी घालून काय बसलाय? हिकडं बघा की माझ्याकडं."

बघितलं. ओठ चावून ओढत होती, घामानं निथळत होती. आईची ओढ लांब होती, हिची आखूड. मी हात हिच्या ओढीशी जुळवला. पिवळा भुसा उडायला लागला.

"आता कसं! आईला पण असंच वरडत हुता काय?"

"तिला वरडायची कुणाची टाप हाय."

हसली. पुन्हा दोरी ओढायला लागली.

दिवस कलताना काठवट उतरली. जाड, कडेला खड्डा पडलेली. सावकाश वाळावी म्हणून भाताच्या कोंड्यात पुरली. वाळली की पुन्हा चरकावर चढवून पातळ करायची.

"तवा मला बोलवा," लेक म्हणाली. "दुसऱ्या कुणाला बसवू नगा."

बसमध्ये चढताना तिला दांडी धरता येईना, तेव्हा कळलं. तळहात सोलले होते. दिवसभर त्याबद्दल एका शब्दानं बोलली नव्हती.

घरी आलो. घरात कोण असणार! बायकोची लुगडी पेटीत होती. ती गेल्यापासून मी झाकण उघडलं नव्हतं. त्यातलं एक, धुऊन धुऊन मऊ झालेलं, काढलं आणि फाडलं. दोरीच्या दोन्ही टोकांना गुंडाळलं, वर टाके घातले. मग तिथंच बसून राहिलो. लाकूड वाळायला पावसाळा जाईल, थंडी पण जाईल.