वीस लिटरचा जार आणि मूठभर बर्फ

आमच्या दुकानात काउंटरखाली एक पत्र्याचा डबा आहे. फिटिंग करून उरलेले वायसर, निपल, जोडी हरवलेल्या चकत्या, सगळं त्यात जाऊन पडतं. मुद्दाम कुणी टाकत नाही आणि काढत तर कुणीच नाही, पण दोन-तीन वर्षांत डबा भरतो. किश्श्यांचंही तसंच होतं. आम्ही बर्फात होतो ते जेमतेम तीन दिवस, पण गिऱ्हाईक नसलं की अजून त्या तीन दिवसांवर चहाच्या फेऱ्या होतात.

आम्ही म्हणजे चौघं. दुकान औरंगपुऱ्यात, पाइप, मोटारी आणि नळांचं. मालकांना आम्ही शेठ म्हणतो. गोदाम सलीमभाईंकडे. दत्तू आमचा फिटर, सोयगावचा. आणि काउंटरवर मी, ज्याला सगळे भाऊ म्हणतात आणि ज्याचं कुणी ऐकत नाही.

एका पाइप कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना परदेशी न्यायची स्कीम काढली होती. आमचा माल परदेशापर्यंत पोचला नाही, मनालीपर्यंत पोचला. चार तिकिटं मिळाली, तीही भर जानेवारीतली. शेठच्या घरच्यांनी एकमुखानं सांगितलं की थंडी वाजून घ्यायला एवढ्या लांब जायची गरज नाही. मग शेठनी आम्हाला धरलं.

दत्तू रजा सांगायला गावी गेला. त्याची आई, आम्हीही तिला मायच म्हणतो, गेल्या वर्षी पडली तेव्हापासून बाजेवरच आहे. आयुष्यभर शेळ्यामेंढ्यांमागं उन्हात चाललेली बाई. बर्फाचे डोंगर तिनं टीव्हीवरच पाहिलेले. ती म्हणाली, "जा बाबा. येताना मला मूठभर आण. हात लावून बघते, गार लागतंय का भाजतंय."

दत्तू परत आला. संध्याकाळी शटर ओढताना मला म्हणाला, "भाऊ, मायनं आजवर मला काई मागितलं नाय. लुगडंबी नाय." त्या दिवसापासून आमच्या सहलीचं काम ठरलं. मजा आम्ही तिघांनी करायची आणि बर्फ दत्तूनं आणायचा.

*

स्टेशनवर शेठ वीस लिटरचा पाण्याचा जार घेऊन आले. भरलेला.

मी विचारलं, हे काय. शेठ म्हणाले, "तिकडं नळाचा दिवस कोणता, आपल्याला काय माहीत?"

नळाला आठ-आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या आमच्या संभाजीनगरात हा प्रश्न कुणालाही वेडेपणाचा वाटणार नाही. नळाच्या दिवशी आम्ही लग्नाला जात नाही, पाहुण्यांना बोलावत नाही. त्यामुळं जार गाडीत चढला, दिल्लीत हमालाच्या डोक्यावर चढला आणि मनालीच्या बसच्या टपावर जाऊन बसला. हमालानं दोनदा विचारलं की यात नक्की पाणीच आहे ना.

सलीमभाईंची वेगळीच तऱ्हा. भर दुपारी दोन स्वेटर, वर कोट, कानटोपी असे उभे. म्हणाले, "बदन पे रख्या तो बॅग हल्की रैती." मनमाडपर्यंत ते बीटासारखे लाल झाले. तिकीट तपासनीसानं तिकीट न बघता तब्येत विचारली. शेवटी त्यांनी एकेक कपडा उतरवून बॅगेत कोंबला, दिल्लीला बॅग बसच्या डिकीत टाकली, आणि पहाटे मनालीत अर्ध्या बाहीच्या शर्टवर उतरले. डिकीची चावी कंडक्टरकडं होती आणि कंडक्टर चहाला गेला होता.

"मेरे कू तो कुछ बी नई लग्ता," सलीमभाई म्हणाले. एवढं वाक्य पूर्ण करायला त्यांना बराच वेळ लागला.

*

पहिल्या दिवशी शेठनी पायाला बर्फावरून घसरायच्या त्या लांब पट्ट्या बांधल्या. शिकवणारा माणूस समजुतीनं सांगत होता, गुडघे असे वाकवा, काठी अशी धरा. थांबायचं कसं ते तो सांगणार, इतक्यात शेठ निघाले.

फार जोरात नाही. आमचा हातगाडीवाला चढावर जातो तेवढ्याच वेगानं ते उताराला लागले. पण थांबता येईना. वाटेत जो येईल त्याला ते नमस्कार करत होते, जणू निवडणुकीला उभे आहेत. लोकही हात जोडून बाजूला होत होते. एका नव्या जोडप्याच्या फोटोत ते एका बाजूनं शिरले आणि दुसऱ्या बाजूनं निघाले.

शेवटी खाली एका भज्यांच्या टपरीच्या बाकड्याला पोट लागलं तेव्हा थांबले. आम्ही घसरत, पडत, धापा टाकत पोचलो, तर शेठ बसलेले. म्हणाले, "इथवर आलोच आहे तर म्हटलं दोन प्लेट सांगाव्यात."

*

आता दत्तूचा पराक्रम.

हॉटेलच्या खोलीत गेलो तर न्हाणीतला नळ बारीक धारेनं चालू. दत्तूनं बंद केला. तोंड धुवायला बाहेर गेला तर तिथलाही चालू. जेवायच्या हॉलमध्ये दोन, जिन्याखाली एक. दत्तूचा चेहरा उतरला. आमच्या शहरातल्या माणसाला वाहता नळ बघवत नाही आणि दत्तू त्यात फिटर. तो पाना बरोबर घेऊनच फिरतो, नसला तर म्हणे कमरेला चुकल्यासारखं होतं.

आम्ही जेवत होतो तेवढ्या वेळात त्यानं अख्खं हॉटेल कोरडं केलं. एका चावीला तर सुतळी बांधून ठेवली होती, ती बंद होऊ नये म्हणून. दत्तूनं ती कापली आणि मला येऊन सांगितलं, "भाऊ, लई अडाणी लोक हायेत. सुतळीनं नळ बांधत्यात."

सकाळी एकाही नळाला थेंब नव्हता. सगळी माणसं टॉवेल घेऊन बोळात उभी. मॅनेजर धावत आला. कडाक्याच्या थंडीत रात्रभर नळ थोडे सोडून ठेवायचे असतात, वाहतं पाणी गोठत नाही, बंद केलं की पाइपच गोठतो, हे त्यानं मोठ्या आवाजात सगळ्यांना समजावलं आणि विचारलं, "किसने बंद किए?"

दत्तूला त्यातलं शेवटचं तेवढंच कळलं आणि वाटलं, आपलं कौतुक चाललं आहे. त्यानं हात वर केला. "हमने किया. अब सब टाइट है."

बोळातले सगळे टॉवेल त्याच्याकडं वळले. तेवढ्यात शेठ पुढं आले. एवढ्या प्रवासात आम्ही जारवरून त्यांची जी चेष्टा केली होती, तिचं उट्टं काढायची वेळ आली होती. ते म्हणाले, "घाबरू नका. मी पाणी आणलंय." आणि रुबाबात गॅलरीचं दार उघडलं.

जार रात्रभर गॅलरीत होता. आत वीस लिटरचा एकच बर्फ झाला होता, जारचा गळा फुगून वर आलेला. शेठनी तो उपडा केला, हलवला, वर थापटी मारली. सलीमभाई म्हणाले, "दत्तू, माँ के वास्ते येच लेके जा. अपने गाँव का है."

दत्तू हसला नाही. तो अख्खा दिवस त्यानं गरम पाण्याची फडकी पाइपांना गुंडाळण्यात घालवला. आम्ही वर बर्फात होतो. संध्याकाळपर्यंत त्यानं एकूण एक नळ चालू केला आणि मॅनेजरनं त्याला तिथंच राहायची नोकरी देऊ केली. पण त्याचा जीव त्यात नव्हता. मायच्या बर्फासाठी त्याला फक्त शेवटची सकाळ उरली होती.

*

शेवटच्या सकाळी आम्ही त्याला वर नेलं. शेठनी दिवाळीत आम्हा तिघांना आणि स्वतःलाही एकसारख्या स्टीलच्या थर्मास बाटल्या घेतल्या होत्या, रुंद तोंडाच्या. दत्तूनं त्याची बाटली काढली आणि बर्फ निवडायला लागला.

हा मळका, हा पायाखालचा, हा शिळा. एक मूठ उचलायची, वास घ्यायचा, टाकायची. सलीमभाई गारठून म्हणाले, "अरे बरफ ले रा कि बैंगन?" दत्तू ऐकेना. चढत चढत पार वरच्या झाडांपाशी गेला, जिथं कुणाचं पाऊल नव्हतं. तिथं दोन्ही हातांनी भरला, अंगठ्यानं दाबला, पुन्हा भरला. झाकण लावून बाटली स्वेटरच्या आत घालू लागला, तेव्हा मी ओरडलो की अरे, ऊब लागेल. मग त्यानं ती हातभर लांब धरून खाली आणली.

खाली येताना तो मागं वळून उभा राहिला. कितीतरी वेळ डोंगराकडं बघत होता.

*

परतीच्या गाडीत दत्तू दर स्टेशनला बाटली कानाशी धरून हलवायचा. आत गोळा खडखडला की समाधानानं खाली ठेवायचा. डब्यातल्या लोकांनाही सवय झाली. गाडी थांबली की समोरच्या आजी विचारायच्या, "है क्या अभी?"

भोपाळला खडखड बंद झाली. नुसतं डुचमळलं.

दत्तूनं झाकण आणखी घट्ट केलं. मग म्हणाला, "पाणी तर पाणी. पण हाय तर तिथलंच." आणि ती आडव्या फळीवर आमच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवून झोपला.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना अजून कान गरम होतात. भुसावळला मी माझी बाटली भरून रांगेत ठेवली आणि गाडी सुटल्यावर ब्लडप्रेशरची गोळी काढली. हात वर केला, बाटली घेतली, गोळी घेतली. पाणी इतकं गार आणि गोड लागलं की मी सगळं संपवलं. वर शेठना म्हणालोही, "भुसावळचं पाणी सुधारलं बरं का."

शेठनी रांगेतल्या माझ्या बाटलीकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या बाटलीकडं बघितलं. त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

दत्तू जागा झाल्यावर मीच सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "गोळी लागू पडली का?" आणि मनमाड येईपर्यंत रिकामी बाटली मांडीवर घेऊन बसला. मला खरंच रडू येत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनीच तोडगा काढला. बर्फ म्हणजे बर्फ, तो इथलाच नेऊ. दत्तू म्हणाला, मायला खोटं कसं सांगू. शेठ म्हणाले, तू काही बोलूच नकोस, बोलायला आम्ही येतो.

पण जानेवारीत आमच्याकडं तसा भुसभुशीत बर्फ आणायचा कुठून? गोळ्याच्या गाड्या उन्हाळ्यातल्या. शेठच्या नव्या फ्रिजमध्ये बर्फ धरतच नाही. माझ्या फ्रिजमधून खरवडून चमचाभर निघाला, त्यात मटारचे दोन दाणे. शेवटी दुकानासमोरचं रसवंतीचं गुऱ्हाळ नुकतंच सुरू झालं होतं, तिथं चिपाडांच्या ढिगाशेजारी पोत्याखाली लादी मिळाली.

लादी काही डोंगरावरच्या बर्फासारखी दिसेना. मग आम्ही तिचा तुकडा पाइप धरायच्या शिकंज्यात आवळला आणि दत्तूनं त्यावर कानस चालवली. पांढरा भुगा पडायला लागला, अगदी तसाच. एक गिऱ्हाईक पाइप वळवायची अर्ध्या इंचाची कोपरी मागायला आलं होतं. ते बराच वेळ उभं राहिलं आणि काही न घेताच गेलं.

भुगा बाटलीत दाबून भरला आणि शेठची गाडी सोयगावकडं सुटली.

माय बाजेवर उशीला टेकून बसली होती. दत्तूनं झाकण काढून तिच्या ओंजळीत बर्फ ओतला. तिचा हात दचकला, पण तिनं तो मागं घेतला नाही.

"गार हाय," ती म्हणाली. "लई गार हाय गं बाई."

मग तिनं बाजेवरूनच हाका मारून गल्ली गोळा केली. येईल त्याच्या हातावर चिमूटभर ठेवायची आणि सांगायची, माझा लेक पार डोंगरावर गेलता. शेठ बर्फावर घसरल्याचं रंगवून सांगत होते. सगळं छान चाललं होतं. इतक्यात शेजारच्या गंगूबाईंनी आपल्या तळहातावरून काहीतरी चिमटीत उचललं आणि उजेडाला धरलं. उसाच्या चिपाडाचा बोटभर धागा.

"आन् हे काय?"

सलीमभाई छताकडं बघायला लागले. दत्तूनं मान खाली घातली.

मायनं तो धागा गंगूबाईंच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला. "तिकडल्या झाडाचं असंल," ती म्हणाली. "बर्फात झाडं नसत्यात व्हय?"

लोक हात पुसत पांगले. आम्ही उठलो तेव्हा मायनं दत्तूचा हात धरून त्याला बाजेवर बसवलं.

"तू सोताच्या डोळ्यांनी बघितलास ना रं डोंगर?"

"व्हय माय."

"पांढरा?"

"समदा पांढरा. नजर पुरत नाय एवढा."

"मंग झालं," माय म्हणाली. तिनं त्याच्या तोंडावरून ओला हात फिरवला. आम्ही चपला घालून उंबऱ्याबाहेर पडलो, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"दत्तू, पुढल्या बारीला बर्फाला जाशील तवा थोडा रसबी आण. आलं घालून."