गल्लीच्या जावयाला 'नाही' कोण म्हणणार?

"आत्ता ते पोर तुम्ही कुणाला दिलंत?" मी विचारलं.

"कुणाला म्हंजे? राजूला," कुसुमकाकू म्हणाल्या. "समोरच्या तालमीतला राजू हाय की."

"मुलाचा कोण लागतो तो?"

"लागाय कशाला पायजे? गल्लीतला हाय. त्याच्या आईला दुकानातनं सुटायला उशीर हुतोय. मग जाता जाता कोणबी न्हेतंय पोराला घरी."

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं हे पाळणाघर तपासायला मी गेले होते. अनुदानावर चालणारी पाळणाघरं बघायची, मान्यता द्यावी की नाही याचा रिपोर्ट करायचा आणि काही कमी असेल तर ते सुधारायला मदत करायची, हे माझं काम. लोक मला सरसकट इन्स्पेक्टर म्हणतात. मदतीचा भाग कुणाच्या लक्षात राहत नाही. कधी कधी आमच्या ऑफिसच्याही.

कुसुमकाकूंनी राहत्या घराच्या पुढच्या खोल्यांत पाळणाघर थाटलं होतं. खिडक्यांना जाळ्या होत्या, फर्स्ट एड बॉक्स हाताशी होता, गॅस मुलांपासून लांब होता. मुलं खरोखरीच झोपली होती. इन्स्पेक्शनच्या दिवशी मुलांना दटावून डोळे मिटायला लावणारी पाळणाघरंही मी पाहिली आहेत, त्यामुळे मला ते कळतं. मी अगदी खुशीत होते. तेवढ्यात हा राजू आला, बुलेट दारात धडधडत ठेवून आत शिरला आणि पोराला पुढं टाकीवर बसवून निघूनही गेला.

याबाबतचा नियम साधा आहे. ज्या पालकानं मूल दाखल केलं त्याच्याकडे, नाहीतर त्यानं नेमून दिलेल्या माणसांकडेच मूल सोपवायचं. या माणसांना आम्ही 'अधिकृत व्यक्ती' म्हणतो. दुसरं कुणी आलं तर पालकाला फोन करून विचारायचं आणि होकार येईपर्यंत मूल द्यायचं नाही. मग आलेला माणूस कितीही ओळखीचा असो.

हे मी सांगितलं आणि काकू भडकल्या. "म्हंजे राजूला मी दारात हुबा करू? बारशाला त्याला मांडीवर घेतलतं मी! उद्या गल्लीत तोंड कसं दावायचं? बाई, ह्या पेठेत पोर हरवत न्हाय. हरवलं तर चार घरं जेवून परत येतंय."

मीही कोल्हापूरचीच. त्यांचं म्हणणं मला पटत होतं, आणि तिथंच माझी पंचाईत होती.

ऑफिसात साहेबांनी रिपोर्ट वाचला. "मान्यता थांबवा. सरळ केस आहे."

"साहेब, मान्यता थांबली की अनुदान थांबेल. मग मदतनीस जाईल आणि पाळणाघर बंद पडेल. दुकानात, दवाखान्यात कामाला जाणाऱ्या बायका मुलं कुठं ठेवणार?"

"आणि एखादं मूल भलत्याच्या हाती गेलं तर? तेव्हा उत्तर कोण देणार, तुम्ही?"

मी आठवडाभराची मुदत मागितली. साहेबांनी ती दिली, पण तोंड वाकडं करून.

शनिवारी मी पाळणाघरातच पालकांची मीटिंग लावली. बहुतेक आयाच आल्या होत्या. तुमचं मूल कुणाकडे द्यायचं ते सांगा, म्हटल्यावर हशा पिकला. एकजण म्हणाली, "अख्ख्या गल्लीचा फोटो काढा की म्याडम!" तरी हसत-खिदळत का होईना, नावं यायला लागली. आजी, मामा, शेजारची वहिनी. राजूचं नाव तर तिघींनी घेतलं.

पल्लवीनं तेवढं एकही नाव दिलं नाही. ही गल्लीतलीच मुलगी. नोकरीसाठी माहेरी राहायला आलेय, असं ती सांगायची. तिची तीन वर्षांची स्वरा इथं होती. सगळ्या उठून गेल्यावरही पल्लवी बसून राहिली. मग कुसुमकाकूंकडे न बघता म्हणाली, "काकू, स्वराला तिच्या पप्पांकडे देऊ नका."

काकूंना कळेना. "अगं, गेल्या म्हैन्यात आलते की जावईबापू. तासाभरात आणून सोडलं. काय झालं?"

मग सगळं बाहेर पडलं. पल्लवी नोकरीसाठी आलीच नव्हती, नवरा हात उचलायचा म्हणून आली होती. तिनं कोर्टात अर्ज केला होता आणि निकाल लागेपर्यंत मूल आईकडेच ठेवावं, असा आदेश होता. नवरा तिकडे वारणानगरच्या बाजूला राहायचा. स्वराला फिरवून आणल्यावर रात्री त्यानं पल्लवीला फोन केला होता. "बघितलंस ना किती सोपं आहे? पुढच्या वेळी परत आणणार नाही. मग येशील आपोआप." तेव्हापासून दुकानात मोबाइल वाजला तरी ती दोनदोनदा नंबर बघितल्याशिवाय उचलायची नाही. आणि गल्लीत बोभाटा नको म्हणून तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

कुसुमकाकूंनी कपाळावर हात मारला. "आगं बाई! आणि मी त्येला पोहे करून घातले! दुसऱ्यांदा वाढले!" त्यांचे डोळे भरले. मग म्हणाल्या, "पर गल्लीच्या जावयाला न्हाय कसं म्हणायचं गं? आजवर कुणी म्हटलं न्हाय."

खरंच होतं ते. आमच्याकडे एका घरचा जावई हा सगळ्या आळीचा जावई. त्यानं पाणी मागितलं तर सरबत येतं. त्यानं स्वतःची मुलगी मागितल्यावर कोण अडवणार?

"काकू, तुम्ही नाही म्हणूच नका," मी म्हटलं. "नियम म्हणेल. पण मग तो सगळ्यांना लावावा लागेल. एकट्या जावयाला अडवलं तर तो अपमान होईल, आणि पल्लवीच्या घरातलं गल्लीला कळेल. राजूलाही थांबवायचं."

काकूंनी डोळे पुसले. "बरं. पर नाव तुमचं सांगणार."

"खुशाल सांगा."

त्यांनी ते इमानदारीनं केलं. एक नवी म्याडम आलीया, लई खडूस हाय, असं पेठभर झालं. पुढच्या भेटीत भाजीवालीनं मला दोडका द्यायलाही टाळाटाळ केली. ज्या मुलाच्या आईनं राजूचं नाव दिलं नव्हतं, त्याला न्यायला राजू आला तर काकू त्याच्यासमोरच फोन लावायच्या. "काकू, मला वळखत न्हाय व्हय?" "वळखते की. तरीबी हुबा ऱ्हा."

काही दिवसांनी ऑफिसात माझा मोबाइल वाजला. काकूंचा दबका आवाज आला, "म्याडम, जावई आल्यात. खुर्चीत बसवलंय. फोन चालूच ठिवते."

मी कानाला फोन लावून बसले.

"स्वराला आणा, बाहेर गाडी उभी आहे," पुरुषाचा आवाज आला.

"आणते की. आदी तिच्या आईला फोन लावते. नियम हाय."

"मी बाप आहे तिचा!"

"व्हय की. म्हणून तर बसवलंय. हे बगा, हा राजू मगाधरनं दारात हुबाच हाय."

मागून राजूचा आवाज आला. "मलाबी अडवलंय पावणं. खडूस बाई हाय कोणतरी वरची. आपलं काय चालत न्हाय हितं."

मग पल्लवीचा आवाज काकूंच्या दुसऱ्या फोनच्या स्पीकरवरून मला ऐकू आला. बारीक, पण स्पष्ट. "नाही काकू. देऊ नका."

दारात राजूसारखा पैलवान गडी उभा असताना आरडाओरडा करणं अवघडच होतं. राजूला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो बिचारा आपली पाळी यायची वाट बघत होता. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि गाडी सुरू होऊन निघून गेली.

"गेलं," काकू फोनवर म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. इकडे माझंही काही वेगळं चाललेलं नव्हतं. पलीकडच्या टेबलावरून साहेब बघत होते.

पाळणाघराला मान्यता मिळाली. साहेबांनी सही करताना विचारलं, "गल्लीनं ऐकलं कसं?" मी म्हटलं, "शिव्या घालत ऐकलं." पुढं कोर्टानं बापलेकीच्या भेटीचा वार ठरवून दिला. आता पल्लवी स्वतः स्वराला घेऊन जाते आणि स्वतः परत आणते. दुकानात मोबाइल वाजला तर उचलते.

या नोकरीत मी एवढं शिकले. नियम वाईट माणसाला अडवतोच असं नाही, पण भिडस्त माणसाला 'नाही' म्हणायला तोंड देतो. त्याचा वाईटपणा कुणाला तरी घ्यावा लागतो. तो पाळणाघरवालीनं घेतला तर तिला गल्लीत राहणं कठीण होईल. मी तर संध्याकाळी राजारामपुरीत माझ्या घरी जाते. दोडकाही तिकडेच घेते.