कानाला लावून घेतलेला चेंडू

आमच्या व्याह्यांनी जन्मात एकही वस्तू कानाला लावल्याशिवाय घेतलेली नाही. नारळ, मडकं, कलिंगड तर सगळेच वाजवून घेतात, हा माणूस चप्पलसुद्धा कानाशी धरून टिचकी मारतो. आमच्या लेकीला बघायला ते पहिल्यांदा काटेवाडीला आले, तेव्हा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी रिकाम्या कपाला टिचकी मारली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "घर चांगलं हाय." आमची मंडळी दाराआडून बघत होती. नंतर मला म्हणाली, "कपावर भागलं म्हणून बरं. पोरीला टिचकी मारली असती तर बशीसकट उठवला असता पाव्हण्याला."

इंदापूरकडं त्यांची डाळिंबाची बाग आहे. साठी उलटल्यावर त्यांना साखर निघाली आणि डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं. बिनकामाचं चालायचं म्हणजे त्यांना लाज. "लोक म्हणतील, ह्याचं काय हरवलंय?" तेव्हा आमच्या जावयानं, म्हणजे त्यांच्या पोरानं, पुण्याच्या साहेबलोकांच्या नादानं घेतलेल्या आणि पलंगाखाली पडलेल्या गोल्फच्या काठ्या बापाला दिल्या. हे मात्र त्यांना पटलं. चेंडू पुढं गेला की मागं जावंच लागतं, म्हणजे चालणं कामाचं झालं. फक्त स्वतःच्या बागेत खेळायला ते तयार नव्हते. फळाला लागंल म्हणे! म्हणून काठ्या मोटरसायकलला बांधून ते आमच्या रानात यायला लागले. जुन्या उसाचा खोडवा मोडलेला एक तुकडा तिथं मोकळा होता आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी ऊस.

"आन् माझ्या उसाला लागलं तर?" मी विचारलं.

"उसाला काय व्हतंय, पाव्हणं!"

चेंडू घ्यायला ते जावयाबरोबर पुण्यातल्या दुकानात गेले. ती कथा जावई अजून मान खाली घालून सांगतो. दुकानदारानं त्यांच्यापुढं चेंडू मांडले. हा मऊ, हा कडक, हा लांब जातो, नवीन माणसानं हा साधा घ्यावा. व्याह्यांनी एकेक उचलून कानाला लावला, हलवला, टिचकी मारली. मग म्हणाले, "एक फोडून दाखवा." डाळिंबाच्या बाजारात तशी रीतच आहे. व्यापारी क्रेटमधलं एक फळ फोडतो, दाणा बघतो आणि मगच भाव बोलतो. दुकानदार म्हणाला, "काका, हे फोडत नाहीत." झालं. फोडून दाखवत नाही म्हणजे माल आतून खराब. शेवटी एक चेंडू विकत घेऊन ते घरी आले आणि करवतीनं त्याचे दोन भाग केले. अर्धा भाग खिशात घालून मला दाखवायला आणला. "बघा, दाणा न्हाय, सगळा गरच! पर गर एकसारखा हाय." मग गेले आणि त्यातलेच सगळ्यात भारी, पांढरेशुभ्र, पेटीभर घेऊन आले. "एक्स्पोर्टचा माल हाय, पाव्हणं."

तो एक्स्पोर्टचा माल एका सकाळीत आमच्या उसात गेला. पुढं असा एकही चेंडू गेला नाही. सगळे आडवे. आमची मंडळी भाकरी घेऊन आलेली, लिंबाखाली बांधावर बसली होती. हसून हसून तिला उचकी लागली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "पाव्हणं, नव्या माणसाचा चेंडू हरवायचाच. मग भारी कशाला घेताय? सस्त्यातला घ्या, आन् नारंगी घ्या. हिरव्यात दिसंल तरी."

व्याही मान हलवून गेले ते महिनाभर आले नाहीत. आले तेव्हा पिशवीत नारंगी चेंडू होते. आपण तिचं ऐकलं असं ते बोलले नाहीत आणि तिनंही विषय काढला नाही. तिनं फक्त बांधावरची जागा धरली. त्यांनी मारला की ती ओरडायची, "डाव्या अंगाला! तिसऱ्या सरीत!" आणि व्याही उसात घुसायचे. खुरपताना एक पांढरा चेंडू सापडला, तो तिनं कोंबडीच्या खुराड्यात ठेवला. कोंबडी कुठंही अंडी घालत फिरायची, ती अंडंच समजून त्याच्यापाशीच अंडी घालायला लागली. हिनं व्याह्यांना पहिलं अंडं उकडून दिलं. "घ्या. तुमच्या चेंडूनं एक तरी काम नीट केलं."

गेल्या दिवाळीआधी ती गेली.

सांत्वनाला माणसं आली आणि बोलून गेली. कुणाचं काय ध्यानात राहिलं नाही. व्याहीही आले. चहा प्यायले, पण कपाला टिचकी मारली नाही. तेव्हा मला कळलं की ते खरंच रडवेले झालेत.

मी रानात जायचं सोडलं. लेक फोनवर समजवायची, भाऊबंद ओढायचे. मी म्हणायचो, तुमचं तुमी बघा. रानात गेलो की तो बांध दिसणार, एवढीच गोष्ट होती, पण ती कुणाला सांगणार?

एका सकाळी मोटरसायकल वाजली. व्याही आत आले आणि माझ्या बाजेवर चेंडू ओतले. पांढरे, पिवळे, नारंगी, गुलाबी.

"निवडा," म्हणाले.

"न्या तिकडं. मला काय कळतंय त्यातलं?"

"मला तरी कुठं कळतंय? इहीणबाईंनी सांगितलं म्हणून नारंगी घेत व्हतो. आता कुणाला इचारू?"

मी बाजेवरचे चेंडू चाळवले. मग एक नारंगी उचलून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही. माझा हात धरून माझ्याच कानाला लावला.

"काय ऐकू येतंय?"

"काय न्हाय."

"मलाबी जन्मात कधी काय ऐकू आलं न्हाय."

"मग कशाला लावता हो कानाला?"

"तेवढाच येळ वस्तू हातात ऱ्हाती, पाव्हणं. लगेच घ्यायची न्हाय तर लगेच सोडायची, आसं व्हत न्हाय."

मी चप्पल घातली.

रान तसंच होतं. बांधही तसाच, लिंबाखाली. मी तिकडं बघायचं नाही असं ठरवून उभा राहिलो. व्याह्यांनी काठी फिरवली. चेंडू अर्थातच आडवा गेला आणि उसात शिरला. ते वळले आणि सवयीनं बांधाकडं बघून थांबले. बांधावर कुणी नव्हतं. काठी हातात धरून हा माणूस तसाच उभा, कुठं जायचं ते त्याला कळेना.

मी गेलो आणि तिच्या जागेवर बसलो.

"उजव्या अंगाला, पाव्हणं!" मी ओरडलो. "तिकडं न्हाय, अलीकडच्या सरीत! काय माणूस हाय!"

उसाची पानं हलायला लागली. आतनं आवाज आला, "दिसला, दिसला! नारंगी हाय म्हणून दिसला!"