मामांची डिझेल गाडी रायपूरहून आणताना

डॉक्टरांनी मामांचं गाडी चालवणं बंद केलं, आणि अमेरिकेतल्या मामेभावाने फोनवर फर्मान काढलं, "विकून टाका." मामांनी लगेच मला कळवलं, "विकत नाही. तू घेऊन जा." झालं! शुक्रवारी सकाळी नागपूरहून रेल्वेत बसले. तिकीट स्वस्त, दुपारपर्यंत रायपूर, आणि गोंदियानंतर खिडकीकडची जागा अजिबात सोडू नका. जंगल सुरेख आहे.

मामा रेल्वेतून निवृत्त, राहतात पुरानी बस्ती या शहराच्या जुन्या भागात. जेवताना विचारलं, "तुम्ही डिझेलच का घेतली हो?"

मामा खुलले. "तुह्या भावाच्या अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, तं डिझेल कोण घेईन? युरोपातले बरेच देश डिझेलवर कर कमी घेतात, तं तिकडं साहेबलोकही डिझेलच फिरवतात. अन् आपल्या सरकारनं ट्रक-ट्रॅक्टरसाठी डिझेल स्वस्त ठेवलं. त्याइच्या पंगतीत आपण बी जेवून राहिलो!"

गाडी आपण निवडतो असं उगीच वाटतं, खरं तर निवडतो सरकारचा कर, हे मला मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या भाजीबरोबर कळलं.

शनिवारी शिकवणी. शहराबाहेर छत्तीसगडच्या नव्या राजधानीसाठी बांधलेले रस्ते इतके रुंद आणि रिकामे, की हात बसवायला याहून बरी जागा नाही. मला सवय पेट्रोल गाडीची, किल्ली फिरवली की चालू.

"थांब वं! डिझेलचं इंजिन तापू दे, हीटरचा दिवा विझू दे आधी. काहून घाई करून राहिली?"

दिवसभर बोलणी खाल्ली. परतताना पाहिलं, तर शेजारच्या सीटवर मामा तिथे नसलेला क्लच पायाने दाबत होते. मला फार वाईट वाटलं. माणसाचं हिंडणंफिरणंच मी घेऊन चालले होते.

रविवारी पोहे-जलेबी खाऊन निघाले. शेजारच्या दीदींनी विचारलं, "भैया, गाडी बेच दिए क्या?"

"नहीं, भांजी को दिया."

"फिर तो पुन्न कमाए!"

मी पाया पडायला वाकणार, तोच मामा माझ्या पाया पडले. सत्तरीचा माणूस! छत्तीसगडात भाच्यांना देवासारखं मानतात हे ठाऊक होतं, पण आमचे मामा पक्के वऱ्हाडी.

"एवढी वर्षं राहिलो इथं," ते डोळे पुसत म्हणाले, "इथलाच झालो न."

निघताना टाकी फुल करून घ्या. राजनांदगावच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, देवरीचा घाट सावकाश उतरा, आणि जेवण साकोलीच्या ढाब्यावर. संध्याकाळी नागपुरात पुन्हा टाकी भरून हिशेब केला. लिटरला वीस किलोमीटर! पेट्रोलच्या गाडीने मला हे सुख कधी दिलं नव्हतं.

पोचल्याचा फोन केला. मामांनी दुसरं काही विचारलंच नाही. "एव्हरेज किती आला? माह्या हातात हायवेले अठरा देत होती."

"पंधरा," मी म्हणाले.

मामा कितीतरी वेळ हसत राहिले. "अवं, हात बसाले वेळ लागते. पुढच्या महिन्यात येतो, बाजूले बसून शिकवतो तुले."

"या मामा," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय नाही जमायचं."