पुठ्ठ्याखालचा रकाना

मर्टल लडलोनं उभ्या आयुष्यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. पाद्र्याच्याही नाही. सफरचंदं पेट्यांत भरण्याच्या शेडमध्ये ती तीस वर्षं मुकादम होती. वरचा थर लालबुंद दिसला की पेटीत कोपरापर्यंत हात घालून तळाचं फळ काढायची आणि नाकाशी धरायची. ही सवय तिच्या बापानं लावलेली. निवृत्त झाल्यावर ती आमच्या ह्युऑन खोऱ्यातल्या वंशावळ मंडळात आली, ती सवयीसकट.

मी इथला निवृत्त पोस्टमन. दर मंगळवारी आम्ही दोघं जुन्या शाळेच्या खोलीत बसायचो आणि टास्मानियाभरातून लोक आपले पूर्वज शोधायला यायचे. प्रत्येकाचा खापरपणजोबा स्वखुशीनं, स्वतःच्या पैशानं आलेला. मग बेड्या घालून आणलेले ते हजारो कैदी कुणाचे कोण होते, देव जाणे!

अठराशे अठ्ठेचाळीसच्या जनगणनेत नाव फक्त घरमालकाचं. बाकीची माणसं नुसते आकडे: स्वतंत्र आलेले इतके, वसाहतीत जन्मलेले इतके, परवान्यावर सुटलेले कैदी इतके. मर्टल आधी रकान्यांची बेरीज करायची, मग घरातल्या एकूण माणसांशी ताळा बघायची.

“जुळत नाही ना? मग कुणीतरी लपलंय,” असं म्हणून ती चष्म्यावरून समोरच्याकडे अशी बघायची, की जणू त्यानंच खापरपणजीला खिशात दडवून आणलंय.

तिच्या स्वतःच्या खापरपणजोबाचा, जोसाया लडलोचा, जनगणनेचा कागद मात्र खोलीत फ्रेम करून टांगलेला होता. बापानं तिला दिलेला. त्याला बोट लावायची कुणाची टाप नव्हती.

तिचा भाऊ क्लेम गेल्या हिवाळ्यात वारला. त्याची बायको नॅन्स कैद्याच्या घराण्यातली, म्हणून मर्टल त्यांच्या लग्नालाही गेली नव्हती. क्लेमला लडलोंच्या दफनाच्या जागेत पुरलं आणि त्या जागेचे कागद मर्टलच्या नावावर. नॅन्सचं हृदय आता भरवशाचं राहिलं नव्हतं. तिला नवऱ्याशेजारी जागा हवी होती आणि थडग्याच्या दगडावर नाव. मर्टलनं एका ओळीत कळवलं होतं: लडलोंच्या मातीत चोराचं रक्त नको.

त्या मंगळवारी नॅन्स खोलीत आली, हातात शिंपल्यांचं मांस भरलेली पेस्ट्री घेऊन. मर्टल पेस्ट्रीला शिवली नाही. मी दोन तुकडे खाल्ले.

“कशाला आलीस?” मर्टलनं विचारलं.

“आमच्या घराण्याची नोंद बघायला.”

“त्यात बघायचंय काय? चोर ते चोर.”

“मंगळवारी खोली सगळ्यांना उघडी असते ना, बाई? का चोरांना बंद?”

मर्टलनं जनगणनेच्या नोंदींच्या फिल्मचं रीळ आणून आदळलं आणि नॅन्सच्या पाठीमागे उभी राहिली, नजर तिच्या हातांवर. नॅन्सनं बेरीज केली. माणसं आठ, त्यांत परवान्यावरचे दोन. ताळा जुळला.

“बघ गं. आमच्याकडं लपवाछपवी नाही.”

मर्टलचं टाळकं सरकलं. “स्वच्छ घराचा कागद कसा असतो, माहितीये? तो बघ भिंतीवर!”

नॅन्स उठली. फ्रेमसमोर उभी राहिली आणि बोटांवर मोजू लागली.

“मर्टल, घरात एकूण सहा माणसं?”

“सहा. जोसाया, बायको, चार पोरं.”

“स्वतंत्र आलेला एक. इथं जन्मलेली चार. झाले पाच. सहावं कुठंय?”

मी चहाच्या कपात बघू लागलो. मर्टलनं मोजलं. परत मोजलं. मग गर्रकन माझ्याकडं वळली.

“तू हात लावलास याला?”

“मी? मला साधा खिळा ठोकता येत नाही, बाई!”

तिनं फ्रेम उतरवली. मागची कागदी पट्टी जशीच्या तशी होती, तिच्यावर बापाच्या अक्षरात तारीख. नेलकटरच्या कानशीनं तिनं पट्टी फाडली आणि पुठ्ठ्याची चौकट उचलली. उजव्या बाजूला ती दोन बोटं जास्त रुंद कापलेली होती. खाली एक रकाना होता. परवान्यावर सुटलेले, स्त्री: एक.

“मोलकरीण असेल,” मर्टल म्हणाली. पण घरात मोठी बाई एकच होती, तेही त्याच कागदावर लिहिलेलं. तिनं स्वतः फिल्म लावून पाहिली. तिथंही तेच. इतकी वर्षं ते रीळ तिच्याच कपाटात होतं आणि तिनं ते एकदाही लावलं नव्हतं.

“बाबांनीच कापला पुठ्ठा,” ती हळूच म्हणाली. “मला म्हणायचे, तळाचं फळ बघत जा. आणि स्वतः...”

खरं सांगतो, मला आधी गुदगुल्या झाल्या होत्या. तिचा तो आवाज ऐकला आणि माझीच लाज वाटली. नॅन्सनं पेस्ट्रीचा तुकडा कापून मर्टलसमोर ठेवला. मर्टलनं तो उलटून तळ बघितला आणि खाल्ला.

कैद्याला लग्नासाठी सरकारची परवानगी लागायची; पुढचे तीन मंगळवार मर्टल त्या परवानग्यांच्या नोंदी चाळत होती. जोसायाच्या बायकोचं नाव सापडलं: ब्रिजेट कार्मडी. गुन्हा, दोन चादरींची चोरी. स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नाही म्हणून तिनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

चौथ्या मंगळवारी तिनं नॅन्सपुढे एक सही केलेला कागद सरकवला. लडलोंच्या दगडावर दोनच ओळी शिल्लक होत्या. त्यांतली एक मर्टलनं स्वतःसाठी राखलेली, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. कागदावर पहिल्या ओळीत ब्रिजेट होती, दुसरीत नॅन्स.

“आणि तू गं?” नॅन्सनं विचारलं.

“मला शोधत कोण येणारंय?”

नॅन्सनं पेन घेतलं आणि आपल्या नावाशेजारी, त्याच ओळीत, दाटीवाटीनं मर्टलचं नाव लिहिलं. मर्टलनं कागद ओढून घेतला आणि अक्षरं मोजली. मग परत मोजली.

“बसतात,” ती म्हणाली.