भगीरथ भाऊजींच्या पिशवीतले फ्यूज

टोकावड्यात आमच्या आळीला वायरमन म्हणून भगीरथ भाऊजी आले आणि माझा जीव मेटाकुटीला आला. माणूस सज्जन, पण एक तार जोडायची तरी सोपस्कार सत्यनारायणाच्या पूजेएवढे. आधी डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर, जाऊन तिन्ही फ्यूज काढायचे आणि बायको देवकी जेवणाचा डबा देते त्या पिशवीत घालून पिशवी कमरेला बांधायची. कारण आमच्या गावात लाइट गेली की जो तो डीपीपाशी जाऊन फ्यूज खटकन बसवतो. पिठाच्या गिरणीवाल्यासकट सगळे अर्धे वायरमन. मग साखळीचं एक टोक जमिनीत रोवायचं, दुसरं लांब काठीने तारांवर अडकवायचं. त्याआधी तारेला बोट लावायचं नाही.

"भाऊजी, आज डब्याला फ्यूजची भाजी का?" मी विचारायची.

"तीनच हायत, वैनी. तुमाला नाय पुरायचे."

"आणि फ्यूज काढल्यावर साखळी कशाला? मेलेल्या सापाला किती मारताय?"

यावर ते नुसते हसायचे. त्या हसण्याचाच मला राग यायचा.

वैशाखात माझ्या प्रियांकाची हळद होती. नेमकी सकाळीच वाऱ्याने आमच्या दारासमोरची तार तुटली. घरात साठ पाहुणे, टाकीत पाणी नाही, आणि भाऊजी खांबावर आपले सावकाश. माझं डोकं फिरलं. मंडपवाल्याचा जनरेटर दारातच होता. त्याला म्हटलं, "जोड घराच्या बोर्डाला, पंप तरी चालू दे." आधी मेन स्विच पाडायचा असतो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. माझ्या घरातली वीज उलटी बाहेर निघाली आणि खांबावरच्या तारेत शिरली.

धाडकन आवाज झाला. जनरेटर आचका देऊन बंद पडला. मी धावत बाहेर आले. भाऊजी खांबावरच होते, हातात काठी. नुकतीच त्यांनी साखळी अडकवली होती, म्हणून ती वीज साखळीवाटे जमिनीत गेली. हात अजून लावायचा होता.

"वैनी," ते वरूनच म्हणाले, "मेन पाडला का?"

मी मानेनेच नाही म्हटलं. माझं ऐकून त्यांनी साखळी टाकली नसती, तर लेकीच्या हळदीदिवशी मी त्यांचा जीव घेतला असता. हळदीच्या हातांनीच मी तोंड झाकून रडले. भाऊजी खाली उतरले. म्हणाले, "रडू नका. आता पिशवीत तुमच्या मेनचा फ्यूजबी घ्यावा लागंल."

तेव्हापासून ते आमच्या आळीत आले की मी स्वतः घरचा फ्यूज काढून त्यांच्या पिशवीत टाकते. परवाही टाकला. तरी ते साखळी उलगडायला लागले.

"अजून माझा भरवसा नाही ना भाऊजी?"

"तुमचा हाय," ते म्हणाले, "पण डबा देवकीने भरलाय. रिकामा करून मलाच घरी न्यायचाय."

मी त्यांच्या हातात काठी दिली.