सीट चार बोटं वर

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला आणि मी तो लग्नातल्या ग्रुप फोटोसारखा न्याहाळला. कोण कुणाच्या शेजारी उभं आहे, कोण कुणाला खेटलंय. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांना फारच खेटली होती.

"ऑस्टिओआर्थ्रायटिस," डॉक्टर म्हणाले. "उजवा गुडघा. ग्रेड थ्री."

"थ्री म्हणजे चांगली ग्रेड का?" मी विचारलं. आमच्या घरात ग्रेडचा विषय लेकीच्या प्रगतिपुस्तकापलीकडे कधी गेला नव्हता.

"चार असतात. चौथी शेवटची."

माझ्यासारख्याच सांगलीच्या दवाखान्यात त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसणाऱ्या बायकांसाठी आधी अर्थ सांगते. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्याची झीज. हाडांच्या टोकांवर कार्टिलेज नावाची गुळगुळीत गादी असते, तिला मराठीत कूर्चा म्हणतात. ती विरली की हाडं जवळ येतात आणि गुडघा बोलायला लागतो. माझा वर्षभर बोलत होता. एसटीत चढताना कंडक्टर माझ्यासाठी घंटीची दोरी धरून उभा राहायचा. शेतात तण काढायला, भांगलायला बसले की मला उठवायला दोन्ही बाजूंनी बाया लागायच्या, जणू मी पालखीच. मी त्याला वय म्हणत होते. चौपन्नाव्या वर्षी बाईला काहीही झालं तरी त्याला वय म्हणायची सोय असते.

"पुढं मागं टोटल नी रिप्लेसमेंट लागेल," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हाडांची झिजलेली टोकं काढून धातूचा आणि प्लास्टिकचा सांधा बसवायचा. "ऑपरेशन चांगलं आहे, घाबरू नका. पण तो सांधाही वापरून झिजतो. तुम्ही अजून लहान आहात. आत्ता बसवला तर म्हातारपणी पुन्हा उघडावा लागू शकतो. त्यामुळं जेवढं पुढं ढकलता येईल तेवढं बरं. दिवाळीपर्यंत वजन कमी करा, मांडीतली ताकद वाढवा. मग ठरवू. सायकल येते का?"

चौपन्नाव्या वर्षी कुणी लहान म्हटलं की माणूस अर्धा बरा होतो. उरलेला अर्धा सायकल या शब्दानं झाला.

येते का म्हणे. माझं माहेर वाईजवळचं. हायस्कूलला मी रोज सायकलनं जायचे आणि उतारावर दोन्ही हात सोडायचे, कारण वाटेत बघायला माणसं असायची. लग्नात सायकल माहेरी राहिली आणि मी एकटीच सासरी आले. कराडच्या पुढं कृष्णाकाठी ऊस पिकवणाऱ्या गावात सुनेला सायकलवरून जायला ठिकाणच नव्हतं. शेत मागच्या दारी, गिरणी पुढच्या दारी.

माझे यजमान फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. सारं गाव त्यांना सुभेदार म्हणतं, मीही म्हणते. हुकूम कुणाचा चालतो ते मात्र गावाला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी गोठ्याच्या माळ्यावरून लेकीची शाळेतली सायकल काढली, रॉकेलनं पुसली, टायर बदलून आणले. आणि मग पाना घेऊन सीट पार खाली ठोकली.

"दोनी पाय सपाट टेकलं पायजेत," ते म्हणाले. "तोल गेला तर लगीच पाय खाली. सेफ्टी फर्स्ट."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या भागात पोरीला सायकल घेताना दुकानदाराला आई हेच सांगते, पाय टेकतील एवढी सीट खाली घ्या. माझ्या आईनंही सांगितलं होतं. लेकीच्या वेळी मी सांगितलं. आमच्याकडे मुलींची सीट खाली असणं हे कुंकवाइतकंच गृहीत.

पहाटे कालव्याच्या रस्त्यावर पहिली फेरी मारली. सुभेदार कॅरियर धरून मागं पळत होते. थोड्या वेळानं धापा ऐकू येईनाशा झाल्या. वळून बघते तर ते लांब कंबरेवर हात ठेवून उभे आणि मी एकटी, दोन्ही बाजूंनी ऊस सळसळतोय, तोंडावर वारा. मी मोठ्यानं हसले. एका बगळ्यानं दचकून जागा बदलली.

आमच्या वन्सं, म्हणजे सुभेदारांची धाकटी बहीण, शेजारीच राहतात. मी पंजाबी ड्रेस घालून निघाले की त्या दारात झाडू थांबवून उभ्या.

"वैनी, जावई सुट्टीला येणार हाईत. त्यांनी तुमाला आसं बगितलं तर काय म्हंतील?"

"म्हणतील, सासूबाई, हवा भरून देऊ का."

"कुटं पडलात म्हंजी?"

"पडले तर उसात पडेन. तुमच्या दारात नाही पडत."

अशी मी रोज जात राहिले. वजन उतरत होतं, उत्साह चढत होता. पण उत्साहाच्या बरोबरीनं गुडघ्याचं दुखणंही चढत होतं. आधी गुडघ्याच्या वाटीच्या मागं दुखायला लागलं. मी म्हटलं, जुनं यंत्र आहे, सुरुवातीला कुरकुरणारच, आणि आणखी जोरात पेडल मारलं. मग एका सकाळी उठले तर गुडघा भोपळ्यासारखा. पाय वाकेना.

पुन्हा सांगली. पुन्हा ती बाकं, पुन्हा तेच गुडघे धरून बसलेले लोक. वेटिंग रूममध्ये नाव कुणी विचारत नाही, उजवा का डावा एवढंच विचारतात.

"इफ्युजन," डॉक्टर दाबून बघत म्हणाले. म्हणजे सांध्यात पाणी. त्यांनी सुईनं ते काढलं. त्याला ॲस्पिरेशन म्हणतात, नावापेक्षा ते कमी दुखतं. मग ते हात धूत म्हणाले, "सायकल बंद. तुमच्या गुडघ्याला झेपत नाही असं दिसतंय. दिवाळीची वाट कशाला बघायची? ऑपरेशनची तारीख बघू."

सुभेदार छताकडे बघत होते. मला ऑपरेशनची तेवढी भीती नव्हती. पण कालव्यावरचा वारा नुकता कुठं परत मिळाला होता, आणि हा डॉक्टर एवढ्यात म्हणतो बंद.

"डॉक्टर," मी म्हटलं, "दिवाळीपर्यंतचा शब्द दिला होता तुम्ही. तो तरी पाळा."

ते हसले. "बरं. सायकल नाही, पण वर फिजिओथेरपीला दाखवा. घरी करायचे व्यायाम शिकून घ्या." फिजिओथेरपी म्हणजे व्यायामानं केलेला इलाज.

वरच्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी पाय वाकवून, ताणून, मोजून बघितला. "सायकलनं असं सहसा होत नाही," त्या म्हणाल्या. "बसता कशा सायकलवर?"

सुभेदारांना हेच हवं होतं. त्यांनी खिशातून फोन काढला. माझा कालव्यावरचा व्हिडिओ त्यांनी फौजेतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता आणि सगळ्यांनी सॅल्यूट पाठवले होते. मॅडमनी बघितला, परत बघितला. माझे गुडघे त्यात पार हँडलपर्यंत येत होते, पेडल खाली गेलं तरी पाय वाकलेलाच. डबक्यातला बेडूक सायकलवर बसवला तर असाच दिसेल.

"काका, ही सीट कुणी लावली?"

"मी," सुभेदार छाती पुढं काढून म्हणाले. "दोनी पाय बरोबर टेकत्यात."

"तेच तर झालंय," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. सीट इतकी खाली असली की गुडघा सरळ होतच नाही. वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की पटेला, म्हणजे गुडघ्याची वाटी, मागच्या मांडीच्या हाडावर दाबली जाते, प्रत्येक फेरीला. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ हवा, किंचित वाक ठेवून. मग काम क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीच्या पुढचा स्नायू करतो आणि गुडघा नुसता फिरतो.

"मग पाय टेकणार कसे?" मी विचारलं.

"बसल्या बसल्या टेकायचे नाहीतच. ब्रेक लावायचा, सीटवरून पुढं सरकायचं आणि उभं राहायचं."

सुभेदारांनी तिथंच हरकत घेतली. "ह्या वयात हाड मोडलं तर?"

"काका, तुम्ही मागं धरायला आहात की."

सूज उतरल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं आम्ही सीट चार बोटं वर घेतली. आणि मी घाबरले. खरं सांगते, इतकी वर्षं दोन्ही पाय जमिनीला लावून बसायची सवय, आणि आता खाली बघितलं तर जमीन फार लांब. मी नव्यानं शिकले. निघताना एक पेडल वर, त्यावर उभं राहून सीटवर बसायचं. थांबताना उलटं. एकदा थांबायचं विसरून मी गवतात आडवी झाले. सुभेदार धावत आले.

"सीट खाली घीऊ का?"

"हात लावून बघा पान्याला."

हळूहळू जमलं. आणि जमलं तेव्हा काय सांगू, तीच सायकल, पण जणू दुसरीच. पाय लांब होऊन खाली जातो, आपोआप वर येतो, आणि रस्ताच मागं सरकतो. गुडघा गप्प. संध्याकाळी हात लावून बघायचे, गरम नाही, सुजलेला नाही. मॅडमनी सांगितलेले मांडीचे व्यायाम पडल्या पडल्या चालूच होते.

वन्सं तेवढ्या रोज बघत होत्या. एक दिवस झाडू ठेवून सायकलजवळ आल्या, सीट दाबून बघितली.

"माजी गुडगी बी कडकड वाजत्यात वैनी. मला घीऊन बगा की."

"जावई काय म्हणतील?"

"तुमचं जावई हाईत, माजं न्हवं."

त्यांना आधी गुडघ्याचा फोटो काढायला लावला. तुमच्यापैकी कुणाचा गुडघा दुखत असेल तर तुम्हीही आधी डॉक्टरांना दाखवा, आणि सायकल चालवायचीच असेल तर कुणी जाणत्याला सीट दाखवा. दुखणं वाढलं तर माझ्यासारखं जोर लावत बसू नका. आता आमच्या आळीत आम्ही पाचजणी निघतो आणि पाचही सीट वर आहेत. सायकलच्या दुकानदाराला वाटतं या आळीच्या बायका बिघडल्या.

दिवाळीच्या आधी सांगलीला गेले. नवा फोटो काढला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी लावले.

"फोटोत फरक नाही," ते म्हणाले. माझं तोंड पडलं. "पडायचाही नव्हता. गेलेली कूर्चा परत येत नाही. आता चालून दाखवा." मी चालले. "बसा. हात न लावता उठा." मी उठले. त्यांनी मांडी दाबून बघितली, पाय वाकवला. "ऑपरेशन आत्ता नको. कधीतरी लागेल, लागेल तेव्हा करू. कदाचित बरीच वर्षं नाही लागणार. सायकल चालू ठेवा."

मला त्यांना मिठी मारायची होती. नमस्कारावर भागवलं. वर जाऊन मॅडमना मात्र मारलीच. त्यांनी एकच विचारलं, "जिना उतरून बघितलात का अलीकडे?"

नव्हता बघितला. आमचं घर बैठं. झिजलेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं, सगळा भार वाकत्या गुडघ्यावर येतो. मॅडम म्हणाल्या, कठडा धरा आणि सावकाश.

बाहेर सुभेदार नेहमीप्रमाणे लिफ्टचं दार अडवून उभे होते. आत गर्दी होती. "चल, जागा हाय," म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं.

कठड्याला हात लावला आणि उतरायला लागले. पहिल्या पायरीला श्वास धरला. दुसरीला सोडला. मधल्या वळणावर एक बाई गुडघा धरून टेकली होती, तिच्याकडे बघून हसले, ती का हसली कुणास ठाऊक, पण हसली. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत असावी.

खाली तिचं दार उघडलं तेव्हा मी समोर उभी होते. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं, मागं लिफ्टमध्ये बघितलं, परत माझ्याकडे.

"कशानं आलीस?"

"पायांनी," मी म्हटलं.